पैसे सातबाऱ्याला, पाणी दुसऱ्याच्या हातचे: वरकस जमिनीवरच्या एका लागवडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे गाव ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे, शहापूर आणि मुरबाड या दोनपैकी एका तालुक्यात आहे. कोणत्या, ते मुद्दाम सांगत नाही. गाव लहान, माणसे एकमेकांना ओळखणारी. नावेही म्हणूनच बदलली आहेत. मी ठाण्यात राहतो, कृषी पदविका केलेली आहे आणि गेली काही वर्षे शेतकऱ्यांचे योजनांचे कागद करून देतो. या प्रकरणातले बरेचसे कागद मीच केले, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांत माझाही वाटा आहे.

कुटुंब कुणबी. वडील २०१९ साली वारले. वारस नोंदीने सातबाऱ्यावर चार नावे लागली: आई, दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरला कळव्यात राहतो, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात कामाला आहे. धाकटा घणसोलीला. बहीण लग्न होऊन बदलापुरात. गावात राहणारी एकटी आई, वय त्रेसष्ट, गुडघे दुखतात पण शेत सुटलेले नाही. सगळी मिळून जमीन ३ हेक्टर २० आर. त्यात १ हेक्टर २० आर भाताची खाचरे आणि उरलेली २ हेक्टर वरकस.

शहरातल्या वाचकाला वरकस म्हणजे काय ते सांगायला हवे. डोंगराच्या पायथ्याची उताराची मुरमाड जमीन. पूर्वी तिथे दोन-तीन वर्षे नाचणी, मग वरी, मग काही वर्षे पड, असा फेर चालायचा. ऐनाची झाडे राखायची ती राबासाठी. त्यांच्या फांद्या उतरवून भाताचा रोपवाफा भाजायचा. नाचणी पिकवणारी पिढी थकली तशी वरकस गवतावर आली. दिवाळीनंतर गवत कापायचे, व्यापाऱ्याला द्यायचे, ते मुंबई-ठाण्याच्या तबेल्यांत जायचे. वडिलांच्या शेवटच्या काळात कापणीची मजुरीही गवतातून सुटेना. मग उभे गवत तसेच राहू लागले, आणि उभे वाळलेले गवत म्हणजे फेब्रुवारीत वणव्याला आमंत्रण. दरवर्षी आग, दरवर्षी पहिल्या पावसात उघडी माती खाली खाचरात. २०२१ साली मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वरच्या अंगाला कंबरभर खोल दोन घळी पडलेल्या होत्या, आणि खालच्या दोन खाचरांत मुरूम येऊन बसला होता.

अडचण

दसऱ्याला तिन्ही भावंडे गावी जमली. निमित्त एका दलालाचे. समृद्धी महामार्गामुळे या बाजूला जमिनीला उठाव आला होता, आणि फार्महाऊसचे प्लॉट पाडणारा एक जण वरकसला भाव देत होता. धाकट्याला विकायचे होते. थोरल्याला नको होते, पण नको म्हणताना त्याच्याकडे दुसरे काही सांगण्यासारखेही नव्हते. आईचे म्हणणे एका वाक्याचे: "वर प्लॉट पाडले की त्यांचं पाणी माझ्या खाचरात."

म्हणजे प्रश्न दोन होते, आणि घरातले सगळे त्यांना एकच समजत होते. वरकसचे करायचे काय, हा पहिला. जे करायचे ते रोज उठून करणार कोण, हा दुसरा. पहिल्यावर आम्ही सहा महिने बोललो. दुसऱ्यावर जेमतेम एक दुपार.

आपल्याकडे सरकार शेतजमिनीच्या राखणीला पैसे देते का, असे थोरल्याने मला विचारले. त्याने कुठेतरी वाचले होते की परदेशात शेतकऱ्याला जमीन पड ठेवायला, बांधावरची झुडपे राखायला दर एकरी दर वर्षी रक्कम मिळते. खरे आहे. अमेरिकेत १९८५ पासून धूप होणारी जमीन लागवडीतून काढून गवत-झाडांखाली ठेवण्यासाठी वार्षिक भाडे मिळते. इंग्लंडमध्ये १९९१ पासून तशा प्रकारचे करार आहेत. आपल्या योजनांची घडण निराळी. आपल्याकडे पैसे मिळतात ते कामाला: खड्डे, रोपे, बांध, चर, तळे. केलेले पुढे टिकवायला फार थोडे. म्हणून ज्या योजनेत लागवडीनंतरचीही दोन वर्षे मोजली जातात, ती आमच्यासारख्यांना राखणीच्या मोबदल्याच्या सगळ्यात जवळची.

तोलून पाहिलेले पर्याय

विकण्याचा पर्याय आईने मोडीत काढला. गवत तसेच ठेवण्याचा पर्याय घळींनी.

खाचरांसाठी परंपरागत कृषी विकास योजना पाहिली. त्यात सेंद्रिय शेतीसाठी २० हेक्टरचा गट लागतो, हेक्टरी ३ वर्षांत ३१,५०० रुपयांचे सहाय्य, त्यातले १५,००० थेट शेतकऱ्याच्या खात्यात. गावात गट जुळेना. निम्म्या खातेदारांची घरे बंद, चाव्या डोंबिवली-कल्याणला. शिवाय त्याने वरकसचा प्रश्न सुटणार नव्हताच.

मग उरल्या फळबागेच्या दोन योजना, आणि खरा निर्णय या दोहोंतला.

पहिली भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना, २०१८ पासूनची. ज्यांच्याकडे रोजगार हमीच्या मजुराचे जॉबकार्ड नाही, म्हणून ज्यांना मनरेगातून, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमी योजनेतून, फळबाग घेता येत नाही, त्यांच्यासाठी. कोकणात १० आरपासून १० हेक्टरपर्यंत. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे येते, पण दुसऱ्या वर्षी ८० आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत असावी लागतात. आधी खर्च करायचा, मग पैसे खात्यात. ठिबक बसवायचे. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, निवड तेव्हा सोडतीने.

दुसरी मनरेगातून फळबाग. महाराष्ट्रात रोजगार हमीशी फळबाग जोडली गेली ती १९९० साली, म्हणजे ही वाट जुनी. इथे लाभार्थ्याकडे जॉबकार्ड हवे होते. अल्पभूधारक, स्त्री कर्ता असलेले कुटुंब, अनुसूचित जाती-जमाती असे गट पात्र. खड्डे खणण्यापासून तीन वर्षे पाणी घालण्यापर्यंतची मजुरी हजेरीपत्रकावर, म्हणजे मस्टरवर, ज्याने काम केले त्याच्या खात्यात. पुढच्या दोन वर्षांसाठी जिवंत झाडांची अट बागायतीला ९० टक्के, कोरडवाहूला ७५.

दोन्ही भावांचा ओढा फुंडकर योजनेकडे होता, आणि तो स्वाभाविक होता. पगारदार माणसाला आधी खर्च करून मग परतावा घेणे जमते. अर्ज मोबाइलवरून होतो, ग्रामपंचायतीत खेटे नाहीत. थोरल्याकडे जॉबकार्ड नव्हते, तो पात्रही ठरला असता. पण ठिबकला पाणी कुठले? मार्चनंतर गावाच्या विहिरीचा तळ दिसतो. जिल्ह्यातली भातसा-तानसाची धरणे मुंबईला पाणी पाजतात आणि त्यांच्याच आसपासच्या वाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हे इथे कोणाला नवे नाही. पाण्याशिवाय नळ्या अंथरून ९० टक्के झाडे जगवायची, हे मला झेपणारे गणित वाटले नाही.

मनरेगाच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती, जी मी तेव्हा नीट मांडली नाही. फुंडकर योजनेत पैसा सातबाऱ्यावरच्या नावाकडे येतो. तो पुढे पाणी घालणाऱ्यापर्यंत किती पोचेल, ते मालकावर. मनरेगात मजुरीचा भाग मालकाच्या हातातून जातच नाही. झाडे जगवणारा माणूस दुसराच असणार हे आम्हाला ठाऊक होते, तर योजना निवडताना हाच मुद्दा पहिला हवा होता. मी तो कागदपत्रांच्या सोयीच्या खाली ठेवला.

अर्ज आईच्या नावाने करायचे ठरले. तिचे जॉबकार्ड होते, कुटुंबाची कर्ती तीच. चौथ्या हिश्श्याने तिच्या वाट्याला ८० आर येत होते, तेवढ्यावरच लागवड.

बहिणीची सही

सामाईक सातबाऱ्यावर एकाने लागवड करायची तर बाकीच्यांची संमती लागते. १०० रुपयांच्या मुद्रांकावर मसुदा केला आणि कळव्याच्या घरी एका रविवारी सगळे बसले. भावांनी सही केली. बहिणीने कागद दोनदा वाचला आणि बाजूला ठेवला.

"आई, मी आज सही केली तर उद्या म्हणतील ताईने हिस्सा सोडला."

थोरला चिडला. धाकटा हसला. दोन्ही चूक. संमतीपत्र आणि हक्कसोडपत्र यांतला फरक कागद करणाऱ्याला स्पष्ट असतो, पण गावोगाव बहिणींकडून "फक्त सही" घेऊन नावे कमी झाल्याची उदाहरणे तिने पाहिलेली होती. तिची शंका कायद्याच्या दृष्टीने चुकीची असली तरी अनुभवाने बरोबर होती. आम्ही मसुदा पुन्हा लिहिला: ही संमती केवळ फळझाडे लावण्यापुरती आहे, मालकी हक्कात कोणताही बदल होत नाही, उत्पन्नावरचा हिश्श्याप्रमाणे हक्क कायम आहे. तिने पुढच्या आठवड्यात सही केली. या सुधारणेला दीड तास लागला; आधीच केली असती तर भावाबहिणीत दोन महिने अबोला राहिला नसता. तेव्हापासून प्रत्येक संमतीपत्रात हे वाक्य मी न विचारता घालतो.

लागवड

ग्रामसभेचा ठराव, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता या पायऱ्यांवर फार थांबत नाही. एप्रिल २०२२ मध्ये काम सुरू झाले. ५० आरवर सात बाय सात मीटरने १०० काजू कलमे, वेंगुर्ला जातीची. ३० आरवर दहा बाय दहाने ३० केशर आंबे. एकूण १३०.

आखणी करताना एक वाद झाला. ओळी सरळ याव्यात म्हणून मधले पाच-सहा ऐन काढावेत असे एका तांत्रिक माणसाने सुचवले. ऐन तोडायला परवानगी लागते हे एक. आणि घळींच्या तोंडाशी माती धरून उभे असलेले तेवढेच होते, हे दुसरे. आईने सरळ सांगितले, "ते सासऱ्यांनी राखलेत." ओळी वाकड्या आल्या. घळींत दगडांचे छोटे बांध घातले, वर उताराला आडवे चर काढले. माझ्या मते या प्रकरणात जमिनीचे जे काही राखले गेले, त्यात काजूपेक्षा या चरांचा आणि वाकड्या ओळींचा वाटा मोठा.

काम केले ते वरच्या पाड्यावरच्या बुधा आणि सोनी या कातकरी जोडप्याने, त्यांच्या भावबंदांना घेऊन. खड्डे, शेणखत, लावणी, आळी, सगळे. पावसाळ्यानंतर दोघेच पाण्याला राहिले. ओहोळावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातला, तिथून हंड्याने आणि ड्रमने पाणी वर. आंब्याच्या प्रत्येक आळ्यात सोनीने मडके पुरले, बुडाला भोक पाडून चिंधीची वात. डिसेंबरात दोघांनी लागवडीभोवतीचा गवताचा दहा फुटी पट्टा कापून, संध्याकाळी वारा पडल्यावर जाळून घेतला. याला इकडे जाळपट्टा म्हणतात. पहिल्या उन्हाळ्यात बाजूच्या माळावर आग आली ती या पट्ट्याशी येऊन विझली.

मे २०२३ अखेर १४ झाडे मेली होती, बहुतेक वाळवीने. जुलैमध्ये नांग्या भरल्या, म्हणजे मेलेल्यांच्या जागी नवी झाडे लावली. पुन्हा १३०.

मजुरी लांबली आणि बुधा भट्टीवर गेला

मनरेगाची मजुरी पंधरा दिवसांत मिळावी असे कायदा सांगत होता. २०२३ च्या पावसाळ्यानंतरच्या कामाचे पैसे दिवाळी आली तरी आले नव्हते. त्या वर्षी दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. कातकरी वाड्यांवर दिवाळीचा अर्थ वेगळा असतो: वीटभट्टीवाले उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ मजुरी, घेऊन येतात. उचल घेतली की जोडपे भिवंडी-कल्याणकडच्या भट्टीवर जाते ते पावसाच्या तोंडावर परतते. म्हणजे काजूला पाणी घालायचे महिने आणि भट्टीचे महिने अगदी एकावर एक येतात. हे जमिनीशी संबंध असलेल्या प्रत्येकाला माहीत होते. मलाही.

बुधा आईला सांगायला आला. "आये, मस्टरचं पैसं कवा येतील ते सांगता येत नाय. भट्टीवाला आज हातावर ठेवतो."

मनरेगाचा दर त्या वर्षी रोजचा २७३ रुपये होता. बुधा गेला तो दर कमी म्हणून नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. २७३ वेळेवर आले असते तर तो थांबला असता, असे तो आजही म्हणतो. येणारा पैसा मार्चमध्ये येणार असेल तर नोव्हेंबरातल्या चुलीला त्याचा उपयोग नाही.

जानेवारी २०२४ पासून मनरेगाची मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होऊ लागली. तेव्हा उलगडा झाला की सोनीचे नाव जॉबकार्डवर एक आणि आधारवर दुसरे होते. तिचे पैसे नुसते उशिरा येत नव्हते, येणारच नव्हते. हे मी लागवडीपूर्वी तपासायला हवे होते. आईची कागदपत्रे मी तीनदा तपासली होती. बुधा-सोनीची एकदाही नाही, कारण माझे अशील आई होती.

पाण्याला आईने गावातला एक मुलगा रोजाने लावला. तो आठवड्यातून दोनदा यायचा. जाळपट्टा त्याच्या कामात कोणी सांगितलाच नव्हता.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी वणवा आला. कोणाच्या राबभाजणीतून उठला की कोणी गवत पेटवले, हे कधीच कळत नाही. लागवडीतून तो वीस मिनिटांत पार झाला. खालचा आंब्याचा भाग ऐनांच्या सावलीत गवत कमी असल्यामुळे बराचसा वाचला. काजूच्या वरच्या ओळी गेल्या. जळालेली झाडे २१.

तेरा फुटलेले खुंट

महिन्याभराने त्या २१ पैकी १३ काजूंना बुडातून हिरवे फुटवे आले. घरात आनंद झाला. मी जाऊन पाहिले तर फुटवा कलमाच्या जोडाच्या खालून होता. म्हणजे वेंगुर्ल्याचे कलम मेले होते आणि जिवंत होता तो खालचा गावठी खुंट. झाड हिरवे, पण ज्यासाठी लावले ते झाड नव्हे.

मोजणीला येणारा माणूस लांबून हिरवे पाहतो. खुंट धरले तर १२२ जिवंत, म्हणजे ९३ टक्क्यांहून जास्त. सोडले तर १०९, जवळपास ८४ टक्के. थोरल्याने फोनवर विचारले, "साहेब, किती लिहायचे?"

इथे योजनेच्या निवडीचे फळ दिसले, म्हणजे निदान मला तरी. आम्ही कोरडवाहू होतो, अट ७५ टक्क्यांची, १३० पैकी ९८ झाडे पुरेशी. १०९ खरे सांगून पुढचे वर्ष मिळत होते. फुंडकर योजनेत असतो तर पुढच्या मोजणीला ९० टक्के, म्हणजे ११७ लागले असते. तेव्हा १०९ आणि १२२ यांच्या मधल्या त्या तेरा खुंटांवर अख्खा शेवटचा हप्ता टांगलेला राहिला असता, आणि मी काय सल्ला दिला असता हे मला आज छातीठोक सांगता येत नाही. वणव्याच्या पट्ट्यात ९० टक्क्यांची अट घालणे म्हणजे लोकांना खुंट मोजायला शिकवणे.

१०९ लिहिले.

खुंटांचे काय करायचे यावर दोन मते होती. उपटून नवी कलमे लावावीत, हे सोपे. पण खुंटाची मुळे दोन उन्हाळे काढलेली, खोल गेलेली. नव्या कलमाला तिथवर पोचायला पुन्हा दोन वर्षे. म्हणून पावसाच्या सुरुवातीला एका रोपवाटिकेतला कलमे बांधणारा जाणकार आणून जागेवरच कोवळ्या काडीची मृदकाष्ठ कलमे बांधली. १३ पैकी ९ धरली. राहिलेल्या चार जागी आणि पूर्ण मेलेल्या आठ जागी नवी झाडे, खर्च भावांनी केला.

राखणीचा कागद

मे २०२४ मध्ये बुधा-सोनी भट्टीवरून परतले. जळलेल्या ओळी पाहून सोनी काही बोलली नाही, बुधा म्हणाला, "पट्टा नव्हता मारला?" त्या एका प्रश्नानंतर भावांना पटले की मस्टरच्या भरवशावर राखण चालणार नाही.

धाकट्याने सुचवले: मजुरी आपण आगाऊ द्यावी, मस्टरचे पैसे आले की त्याने परत करावे. मी नको म्हटले. मजुराच्या खात्यात आलेली सरकारी मजुरी मालकाने मागून घ्यायची, हेतू कितीही चांगला असला तरी बाहेरून ते हजेरीपत्रकातल्या घोटाळ्यासारखेच दिसते.

मी काजूच्या उत्पन्नात तिसरा वाटा सुचवला. झाड धरू लागले की बुधालाच राखायची ओढ राहील. यावर थोरल्याचा चेहरा पडला. "कूळ लागेल." आईसुद्धा गप्प झाली. कसणारा कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल, ही इथली भीती शहरातल्या माणसाला कळत नाही. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कोकणातल्या हजारो कसणाऱ्यांना मालक केले. गंमत अशी की या घराची खाचरेही आजोबांना कूळ म्हणूनच मिळालेली. कसणाऱ्याच्या बाजूने आलेल्या कायद्याने मालक झालेले घर आता कसणाऱ्याला कागदावर वाटा लिहून द्यायला घाबरत होते. मी हे बोलून दाखवले. थोरला म्हणाला, "म्हणूनच तर माहीत आहे."

शेवटी वाटा टाळून राखणीची मजुरी लिहिली. नोव्हेंबर ते मे दरमहा ठरलेली रक्कम, १ तारखेला, मस्टरच्या मजुरीव्यतिरिक्त. तिच्यात तीनच कामे: जाळपट्टा डिसेंबरअखेर, आठवड्याला एक फेरी, आग दिसली की फोन. पहिल्या महिन्याची रक्कम दिवाळीपूर्वी, म्हणजे उचल घेण्याच्या वेळेला. लागवडीतले गवत बुधाचे. झाडांमध्ये पावसाळ्यात नाचणी पेरायची तर पेरणारी सोनी, पीक तिचे. आईच्या समोर वाचून दाखवले, बुधाने अंगठा नव्हे, सही केली. सोनीचीही सही घ्यावी असे बहिणीने सुचवले. कागदावरच्या सह्यांबद्दल या घरात तिच्याइतके कोणी जागरूक नाही.

सोनीचे आधार आणि जॉबकार्ड एका नावाचे करायला चार फेऱ्या लागल्या.

निष्पत्ती

२०२४ च्या दिवाळीत बुधाने उचल घेतली नाही. डिसेंबरात पट्टा जळला. २०२४-२५ मध्ये मनरेगाचा दर २९७ रुपये झाला होता. मजुरी याही वर्षी उशिराच आली, पण राखणीची रक्कम वेळेवर मिळत असल्यामुळे त्या उशिराने घर मोडले नाही. मार्चमध्ये शेजारच्या माळावर आग लागली तेव्हा फोन आला, बुधाने फांद्यांनी झोडपून ती पट्ट्याच्या पलीकडे थोपवली. एप्रिल २०२५ ला १२५ झाडे उभी होती. वरच्या दोन घळींपैकी एक गवताने भरली आहे, दुसरी अजून पावसात वाहते. खाचरात मुरूम येणे कमी झाले, असे आई सांगते. मोजमाप कोणी घेतलेले नाही.

धाकट्याने मधे नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाबद्दल विचारले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते मंजूर झाले, एकरी वर्षाला ४,००० रुपये, दोन वर्षे. खाचरांसाठी विचार करण्यासारखे आहे. मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो हा की शेण-गोमूत्राचे जीवामृत ढवळणार कोण. अर्ज अजून केलेला नाही.

काय वेगळे करता आले असते

राखणीचा कागद जून २०२४ ऐवजी एप्रिल २०२२ मध्ये व्हायला हवा होता. पहिला खड्डा खणण्याआधी. तेव्हा तो झाला असता तर २१ झाडे आणि घरातले एक वर्ष वाचले असते. न होण्याचे कारण पैसा नव्हता. भावांनी दलालाला भेटायला जितकी धावपळ केली त्याच्या निम्म्यात तो झाला असता. योजनेचा अर्ज "लाभार्थी" विचारतो, आणि आम्ही सगळे त्या रकान्यात अडकलो. बुधा-सोनी कोणत्याच रकान्यात नव्हते.

त्यांची खाती, आधार, जॉबकार्ड पहिल्याच दिवशी तपासायची, हे आता माझ्या कामाचा भाग आहे. ज्याच्या हाताने झाड जगणार त्याचे कागद आधी, मालकाचे नंतर.

१३० झाडे एकदम लावायला नको होती, असेही मला वाटते. मडक्यांनी आणि हंड्यांनी दोन माणसे पहिल्या उन्हाळ्यात फार तर ऐंशी-नव्वद झाडांची नीट काळजी घेऊ शकतात. पण मान्यता एकदाच मिळते आणि क्षेत्र नंतर वाढवणे अवघड, म्हणून सगळेच मोठा आकडा मागतात; आम्हीही मागितला.

वाट्याच्या बाबतीत मी हरलो आणि अजून हरलेलाच आहे. राखणीची मजुरी चालते, पण ती दोन पगारांतून निघते. २०२५ च्या जूनमध्ये योजनेची तीन वर्षे संपली, मस्टर बंद झाले. आता या १२५ झाडांसाठी सरकारकडून येणारे काही नाही आणि काजू हाती लागायला अजून अवकाश आहे. बुधाच्या कागदाची मुदत ३१ मे २०२६ पर्यंत आहे. थोरला म्हणतो पुढे वाढवू. धाकटा म्हणतो बघू. बहिणीने तिच्या हिश्श्याच्या रकमेतला भाग द्यायची तयारी दाखवली आहे, फक्त तसे लिहून हवे म्हणते. मसुदा माझ्याकडे आहे.